पाण्याच्या मोबदल्यात कर्ब

विहिरीवर मोटर चालवणाऱ्या शेतकऱ्याला एक मर्यादा कुणी शिकवावी लागत नाही. उन्हाळ्यात पाणी वीस-पंचवीस फुटांच्या खाली गेले, की काठावरची मोटर नुसती फिरत राहते. मग विहिरीच्या आत ओटा करून मोटर खाली उतरवायची, नाहीतर पाणबुडी सोडायची. याचे कारण असे, की काठावरची मोटर पाणी ओढत नाहीच. ती पाइपातला दाब कमी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेचा हा जोर ठरलेला आहे. पाइपात पूर्ण निर्वात करता आला तरी पाणी १०.३ मीटरच्या वर चढणार नाही. प्रत्यक्षातला पंप त्याच्या बराच आधी हात टेकतो.

त्याच विहिरीच्या काठावर वीस मीटर उंचीचा माड उभा असतो. त्याच्या शेंड्यावरच्या झावळ्यांना रोज पाणी पोचते. कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या जंगलात २००६ मध्ये सापडलेला ‘हायपेरियन’ नावाचा वृक्ष जवळपास ११६ मीटर उंच आहे. त्याच्याही टोकाची पाने हिरवी आहेत. पंपाला जे जमत नाही, ते झाडाला कसे जमते? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, एवढे पाणी झाडाला हवे तरी कशाला? मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी झाडाच्या अंगी लागतच नाही, ते पानांतून वाफ होऊन निघून जाते. झाडाची उंची, पानाची रचना, उन्हाळ्यातली पानगळ, उसाची वाढ आणि निवडुंगाचा संथपणा या साऱ्यांचा धागा या दोन प्रश्नांशी जोडलेला आहे.

पाणबुडी खालून पाणी ढकलते, तसे मूळही ढकलत असेल, ही पहिली स्वाभाविक शंका. ते खरेही आहे, पण थोडेच. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी जो थेंब लटकलेला दिसतो, तो नेहमी दवाचा नसतो. रात्री मुळांनी क्षार आत घेतले, त्यांच्यामागे पाणी आले आणि दाब वाढून ते पानाच्या टोकाशी बाहेर पडले. द्राक्षाची छाटणी झाल्यावर कापलेल्या काडीच्या टोकातून पाणी टपकते, तेही याच दाबाने. इंग्लंडमध्ये टेडिंग्टन गावचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कापलेल्या द्राक्षवेलीला काचेच्या नळ्या जोडून हा दाब मोजला, तेव्हा रस २१ फूट चढला. १७२७ मध्ये त्याने हे प्रयोग पुस्तकरूपाने छापले. पण मुळांचा हा जोर भर दुपारी, म्हणजे पाण्याची गरज सर्वांत जास्त असताना, जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय अनेक उंच वृक्षांत तो आढळतच नाही. पाणी वर नेणारे बळ खाली नव्हते.

मग ते खोडातल्या जिवंत पेशींत असेल का? जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातील एदुआर्द श्ट्रासबुर्गर यांनी १८९१ च्या सुमारास याचा निकाल लावला. त्यांनी वीसेक मीटर उंचीचे झाड बुंध्याशी करवतीने कापले आणि विषारी द्रावणात उभे केले. विष चढत गेले, वाटेतल्या पेशी मरत गेल्या, तरी द्रावण चढतच राहिले. पाने मेली तेव्हाच ते थांबले. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात वेगळे मत मांडले होते: खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावतात आणि रस पुढे सारतात. वनस्पतींच्या संवेदनांवरचे त्यांचे काम आज नव्या आदराने वाचले जाते, पण या एका प्रश्नात पुरावा श्ट्रासबुर्गरच्या बाजूने राहिला. जलवाहिन्या मेलेल्या पेशींच्याच बनलेल्या असतात. पेशी आधी आपल्या भिंती जाड, लाकडी करते, मग मरते आणि मागे पोकळ नळी ठेवते.

बॉनमध्ये शिकून गेलेला हेन्री डिक्सन आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला त्याचा भौतिकशास्त्रज्ञ मित्र जॉन जोली यांनी १८९४ मध्ये जे उत्तर दिले, ते त्या काळी अनेकांना अशक्य वाटले. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. बारीक नळीत, हवेचा बुडबुडा नसताना, पाण्याचा स्तंभ विहिरीवरच्या दोरासारखा ओढता येतो. दोराचे वरचे टोक पानात असते. पानाच्या आतल्या पेशींच्या भिंती ओल्या असतात आणि त्यांच्यातली छिद्रे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी सूक्ष्म. तिथून एक रेणू वाफ होऊन सुटला की छिद्रातला पाण्याचा पृष्ठभाग आणखी आत वाकतो आणि मागच्या रेणूला ओढतो. ती ओढ देठ, फांदी, खोड असे करत मुळाच्या टोकापर्यंत आणि मातीतल्या ओलीपर्यंत पोचते. हे सगळे काम उन्हाच्या उष्णतेवर चालते. झाड त्यासाठी स्वतःची शक्ती खर्च करत नाही.

ही ओढ खरी आहे याची साक्ष बुंधाच देतो. अतिशय सूक्ष्म मोजणी केली तर दुपारी खोड किंचित बारीक होते आणि रात्री पुन्हा भरते, कारण दिवसा आतल्या वाहिन्या ताणाने आत खेचल्या जातात. खुद्द ताणाचा आकडा मिळायला मात्र १९६५ साल उजाडावे लागले. पेर शोलँडर यांनी एक साधे यंत्र वापरले. तोडलेली डहाळी पोलादी डब्यात बंद करायची, कापलेले टोक तेवढे बाहेर ठेवायचे आणि टोकावर रस दिसेपर्यंत डब्यात दाब वाढवत जायचे. जेवढा दाब लागला, तेवढा ताण झाडात होता. उंच डग्लस फरच्या शेंड्याच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीने गोळी झाडून पाडल्या. फार मोठे आकडे मात्र बुटक्या झाडांनीही दिले, जसे खाडीकाठच्या कांदळवनांनी. कांदळ खाऱ्या पाण्यात उभा असतो. समुद्राच्या पाण्यातून मीठ मागे ठेवून गोडे पाणी घ्यायचे तर हवेच्या दाबाच्या सुमारे पंचवीसपट ताण लागतो. शोलँडर यांना कांदळात तीसपटींच्या पुढचे ताण आढळले. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष ठरवले. खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या लाटा झेलत उभे असलेले हे झाड बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवते आणि तेही याच ओढीच्या बळावर. कोकणात राहून ज्यांनी चिप्पीकडे निव्वळ सरपण म्हणून पाहिले, त्यांनी तिच्यातला हा पराक्रम जाणून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

ताणलेली गोष्ट तुटूही शकते. जमीन फार कोरडी पडली आणि ओढ वाढत गेली, की वाहिनीत हवा शिरते, स्तंभ तुटतो आणि ती नळी निकामी होते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन यांनी एरंडाच्या पानाला कंपने टिपणारे उपकरण लावून हे तुटणे ऐकले. पान सुकत गेले तसे एकामागून एक टक्-टक् असे आवाज आले. बांधावरचा एरंड एप्रिलच्या दुपारी मान टाकतो, तेव्हा आत असे काही घडत असते. उंचीची मर्यादाही इथेच येते. रेडवूडच्या शेंड्याला पाणी पोचवताना ताण हवेच्या दाबाच्या वीसपटींजवळ जातो. तिथली पाने खालच्या पानांपेक्षा बरीच लहान, दाट आणि जाड होतात. २००४ मध्ये जॉर्ज कॉख आणि सहकाऱ्यांनी या झाडांवर चढून मोजमापे घेतली आणि उंचीची कमाल मर्यादा १२२ ते १३० मीटरच्या दरम्यान काढली.

आता दुसरा प्रश्न: एवढे पाणी उडवायचे कशासाठी? याचे उत्तर पानाच्या पाठीवर आहे. तिथे एका चौरस मिलिमीटरमध्ये शे-दोनशे पर्णरंध्रे असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंना एकेक रक्षक पेशी. त्यांच्यात पोटॅशियम शिरले, मागून पाणी आले की त्या फुगतात आणि रंध्र उघडते. पाणी गेले की रंध्र मिटते. रंध्र उघडायचे ते कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हवेतला कर्ब, आत घेण्यासाठी. पण हवेत हा वायू दहा हजार भागांत जेमतेम चार भाग आहे, आणि पानाच्या आतली हवा मात्र पाण्याच्या वाफेने गच्च भरलेली. त्यामुळे रंध्र उघडताच आत येणाऱ्या कर्बाच्या प्रत्येक रेणूमागे गव्हासारख्या पिकात पाण्याचे चारशे-पाचशे रेणू बाहेर जातात. यात टाळता येईल असे काही नाही. कर्ब आत येईल पण वाफ बाहेर जाणार नाही, असा पडदा एकाही वनस्पतीला बनवता आलेला नाही.

लाकूड, धान्य, गूळ यांचे बहुतेक वजन या कर्बातून, म्हणजे हवेतून येते, हे माणसाला फार उशिरा कळले. ब्रसेल्सजवळच्या यान व्हान हेल्मोंटने दोनशे पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती दोनच औंस कमी झाली. सगळे झाड पाण्यातून आले, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापले गेले. याच माणसाने कोळसा जाळून पाहिला होता आणि त्यातून निघणाऱ्या वायूला वेगळे नावही दिले होते. तो वायू म्हणजेच कार्बन डायऑक्साइड. झाडाचे वजन जिथून आले तो पदार्थ त्याच्या हातात होता, पण दोन प्रयोग जोडले गेले नाहीत. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी दाखवले, की पान हवा शुद्ध करते ती फक्त उजेडात, आणि फक्त हिरवे भाग ते करतात. १८०४ मध्ये निकोलास दे सोस्यूर यांनी काटेकोर वजने करून कर्ब हवेतून येतो आणि पाणीही झाडाच्या वजनात भर घालते, हे सिद्ध केले.

पाण्याची ही भर कोणत्या रूपात पडते? पानात येणाऱ्या पाण्यापैकी अगदी थोडे, शंभरात एक भागही नाही, हरितलवकांत जाते. तिथे प्रकाश त्याचे तुकडे करतो. १९४१ मध्ये बर्कलीत सॅम्युअल रुबेन, मार्टिन केमन आणि सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन असलेले पाणी शेवाळाला दिले आणि दाखवले, की बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन म्हणजे मोडलेल्या पाण्याचा उरलेला भाग आहे.

पाणी मोडणे हे रसायनशास्त्रातले अतिशय अवघड काम. हरितद्रव्याचे शेकडो रेणू मिळून प्रकाशकण पकडतात आणि त्याची ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे देत एका केंद्रापाशी आणतात. त्या केंद्राशेजारी मँगेनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू असा छोटा पुंजका असतो. पॅरिसमध्ये पिएर जोलिओ (मेरी क्युरी यांचे नातू) यांनी १९६९ मध्ये अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे अगदी क्षणिक झोत टाकले. पहिल्या दोन झोतांना ऑक्सिजन जवळजवळ आलाच नाही, तिसऱ्याला भरपूर आला आणि मग दर चौथ्या झोताला. बेसेल कोक यांनी पुढच्याच वर्षी याचा अर्थ लावला: पुंजका एकेका झोतागणिक एकेक इलेक्ट्रॉन गमावत जातो आणि चार झाले की पाण्याच्या दोन रेणूंकडून ते एकदम भरून घेतो. अंधारात तो पहिल्या पायरीवर आधीच उभा असतो, म्हणून सुरुवात तिसऱ्यापासून. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी क्ष-किरणांनी या पुंजक्याची अणूंनिशी आकृती मिळवली. ज्वारीच्या पात्यात, पिंपळाच्या पानात, खडकावरच्या शेवाळात हाच पुंजका आहे.

पाण्यापासून मिळालेले इलेक्ट्रॉन आणि ऊर्जा पुढे कर्बाची साखर करायला खर्च होतात. मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कर्ब शेवाळाला देऊन, काही सेकंदांत ते उकळत्या अल्कोहोलमध्ये सोडून, कर्ब कुठून कुठे गेला याचा माग काढला. नोबेल पारितोषिक १९६१ मध्ये एकट्या कॅल्विन यांना मिळाले. बेन्सन यांचा त्यातला वाटा फार मोठा होता आणि तो त्या वेळी झाकला गेला, हे नोंदवायलाच हवे.

तयार साखर पानातून फळाकडे, मुळाकडे नेतात त्या रसवाहिन्या. त्या जिवंत असतात आणि सालीला लागून असतात. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार मणी फुगावेत म्हणून गर्डलिंग करतात, म्हणजे खोडावरची सालीची बारीक कडी काढतात. लाकूड शाबूत असल्याने पाणी वर जात राहते, पण साखरेची खाली जाणारी वाट बंद होते आणि ती घडांत उतरते. कडी अरुंद असेल तर काही आठवड्यांत जखम भरून येते. रसवाहिनीत ओढ नसते, दाब असतो. पानाजवळ साखर भरली की शेजारच्या जलवाहिनीतले पाणी आत येते, दाब वाढतो आणि रस पुढे सरकतो. एर्न्स्ट म्युंख यांची १९३० ची ही मांडणी मावा या किडीने पटवून दिली. मावा सोंड खुपसतो ती थेट रसवाहिनीत. त्याला शोषावे लागत नाही, रस आपोआप सोंडेत चढतो. जास्तीची साखर तो मागून टाकतो, तोच पानावरचा चिकटा. संशोधकांनी मावा बाजूला करून नुसती सोंड जागेवर ठेवली, तरी तिच्यातून तासन् तास रस येत राहिला.

आता पुन्हा पाण्याच्या हिशोबाकडे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या अॅक्रन इथे लायमन ब्रिग्ज आणि होमर शँट्झ यांनी १९१० नंतरच्या काही वर्षांत कुंड्यांत पिके वाढवून एक हिशोब केला: एक किलो सुका पाला-धान्य तयार व्हायला किती पाणी लागते? लसूणघासाला आठशे लिटरच्या पुढे, गव्हाला पाचशेच्या आसपास, ज्वारी आणि बाजरीवर्गाला तीनशेच्या थोडे वर. शेजारशेजारच्या कुंड्या, एकच ऊन, एकच हवा, तरी ज्वारी इतकी काटकसरी का, हे अर्धे शतक कुणाला सांगता आले नाही.

त्याचे मूळ रुबिस्को नावाच्या प्रथिनात होते. कर्बाला साखरेच्या वाटेवर आणणारे हेच. ते फार संथ आहे, सेकंदाला जेमतेम तीन रेणू हाताळते. म्हणून पानाला ते प्रचंड प्रमाणात बनवावे लागते. शिवाय ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन धरून बसते. गहू-भातात चार-पाच पकडींमागे एक चुकीची पडते, आणि उकाडा वाढला की चुका वाढतात. रुबिस्को घडले तेव्हा, अडीच अब्ज वर्षांहूनही आधीच्या काळात, हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. पुढे पाणी मोडणाऱ्या जीवाणूंनी आणि नंतर वनस्पतींनीच तो हवेत भरला. चुका भरून काढायच्या तर कर्ब जास्त हवा, म्हणजे रंध्रे जास्त उघडी हवीत, म्हणजे पाणी जास्त जाणार.

उसाने यातून वाट काढली होती. हवाईतल्या साखर मळेवाल्यांच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कोर्टशाक आणि सहकाऱ्यांना उसाच्या पानात कॅल्विन यांना शेवाळात सर्वांत आधी सापडलेला तीन कर्बांचा पदार्थ आधी दिसेना, चार कर्बांची आम्ले दिसत. त्यांनी हे १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हाल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ पासून तो मार्ग उलगडला. उसाच्या पानात शिरेभोवती मोठ्या, गर्द हिरव्या पेशींचे कडे असते. बाहेरच्या पेशी ऑक्सिजनला कधीच न फसणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाने कर्ब पकडतात, त्याचे आम्ल करून आतल्या कड्यात पाठवतात आणि तिथे तो पुन्हा सुटा होतो. रुबिस्को फक्त त्या कड्यात असते. भोवती कर्ब दाटलेला, त्यामुळे चुका होत नाहीत, आणि रंध्रे अर्धवट उघडी ठेवूनही भागते. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, राजगिरा सगळे याच मार्गाचे. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात ऑक्टोबरनंतर पावसाचा थेंब नसताना मालदांडी ज्वारी साठलेल्या ओलीवर कणसाला येते, त्यात या कड्याचा मोठा वाटा आहे.

मग ऊस पाणी का पितो, असा प्रश्न मराठवाड्यातला वाचक विचारील, आणि तो रास्त आहे. उसाची काटकसर किलोमागे आहे. शेताचा हिशोब मात्र हिरव्या पानांचा पसारा किती आणि तो किती महिने उभा, यावर ठरतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने, निदान एक उन्हाळा पूर्ण अंगावर घेत, दाट पाचटीसह उभा असतो. रब्बी ज्वारी चार महिन्यांत निघते. एकाच यंत्रणेची ही दोन पिके आहेत, आणि कोरडवाहू तालुक्यात त्यांना एका मापाने मोजणे चूक आहे.

कर्ब घेण्याची वेळच बदलणारी वनस्पती आपल्या कुंडीत असते. मद्रास इलाख्यात राहणारा वनस्पतिज्ञ बेंजामिन हेन याने १८१३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीतल्या लॅम्बर्ट यांना कळवले, की पानफुटीचे पान पहाटे चाखले तर आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट. पानफुटी दिवसा रंध्रे मिटून घेते आणि रात्री, हवा गार आणि दमट असताना, उघडते. रात्री आलेला कर्ब आम्ल होऊन पेशीच्या आतल्या पोकळीत साठतो. सकाळी प्रकाश आला की बंद दाराआड त्याची साखर होते. निवडुंग, माळावरचा घायपात, कोकण-गोव्यातला अननस याच पद्धतीने जगतात. कर्बाच्या एका रेणूमागे त्यांचे पन्नास ते शंभर रेणूच पाणी जाते, गव्हाच्या तुलनेत चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. मात्र रात्रभरात त्या पोकळीत जेवढे आम्ल मावेल तेवढाच दुसऱ्या दिवसाचा कर्ब. म्हणून ही बहुतेक झाडे सावकाश वाढतात. अननसाला लागवडीपासून फळ यायला दीड वर्षाच्या आसपास लागते. घायपात कित्येक वर्षे नुसती पाने वाढवत राहतो, आणि मग एकदाच, साठवलेले सारे खर्चून, दोन-तीन पुरुष उंचीचा फुलांचा दांडा काढतो.